सिद्धप्पांच्या मोटारीचा दम

हिंदुराव मूळचे जेऊरचे. शेतात त्यांचं मन कधी रमलंच नाही. पण विहिरीवरचं इंजिन सुरू झालं, की हातातलं खुरपं टाकून ते तिथं जाऊन बसायचे. शेवटी वडीलच म्हणाले, "तू सोलापूरला जा. तुझ्या पायी हितं तण माजलंय." ते आले, एका गॅरेजात हात काळे केले आणि पुढे तुळजापूर वेशीजवळ स्वतःची पत्र्याची शेड टाकली. माणूस दांडगा आणि बोलका. दुरुस्त केलेली मोटार स्वतः लांबवर पळवून आणल्याशिवाय मात्र ती मालकाच्या हाती द्यायचे नाहीत. ही फेरी म्हणजे त्यांची चैन होती.

पंच्याहत्तरच्या सुमारास अक्कलकोट रोडवरच्या सिद्धप्पांची मोटार त्यांच्याकडे आली. सिद्धप्पांचा चादरींचा कारखाना होता. मोटार जुनीच घेतलेली, पण आईला, म्हणजे शांतम्माला, तुळजापूरला न्यायचं या हौसेनं घेतलेली. महिन्यापूर्वीच हिंदुरावांनी ती सगळी खोलून साफ करून दिली होती. आता ती काळा धूर ओकत होती आणि जोर म्हणून धरत नव्हती.

हिंदुरावांनी प्लग बदलले. कार्बोरेटर उतरवून धुतला, पेट्रोल कमी करून बघितलं. गावात फिरवली तर बरी चालली.

"आता घाटात बघू की," ते म्हणाले. "तितं खरं काय ते कळंल."

घाट म्हणजे तुळजापूरचाच. सिद्धप्पांनी आईला विचारलं आणि शांतम्मा लगेच नवं इरकल नेसून, भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं घेऊन तयार झाली. मोटारीत ती पहिल्यांदाच बसत होती. पुढच्या सीटवर हिंदुरावांशेजारी बसून तिनं दोन्ही हातांनी समोरची फळी घट्ट धरली.

"निधान, निधान," ती सारखी म्हणत होती. हळू चालव, असं कानडीत.

"अव्वा, हिच्यापेक्षा हळू म्हणजे खाली उतरून ढकलावं लागंल," हिंदुराव म्हणाले.

आणि झालंही तसंच. घाटाचं पहिलं वळण गाडी कशीबशी चढली. दुसऱ्यावर धापा टाकायला लागली, मागं काळ्या धुराचा लोट उठला आणि ती जागेवर थांबली. सिद्धप्पांनी खाली उतरून चाकाला दगड लावले. शांतम्मा निवांत पदरानं वारा घेत बसली.

हिंदुरावांनी एक प्लग काढून पाहिला. नवाकोरा प्लग काजळी धरून बसला होता. म्हणजे पेट्रोल जास्त होतंय, नाहीतर हवा कमी पडतीय. पेट्रोल तर त्यांनीच कमी केलं होतं.

"मग हवा गाळायची जाळी बघितली का?" सिद्धप्पांनी विचारलं.

"ती कशाला बघायची? महिन्यामागं मीच धुतलीय की रॉकेलनं. वर्षभर बघायला नको." पण बोलता बोलताच ते थांबले. दुसरं काही उरलंच नव्हतं. त्यांनी कार्बोरेटरवरचा डबा सोडवला, झाकण काढलं आणि कमरेवर हात ठेवून बघतच राहिले.

जाळीवर बोटभर जाडीचा थर बसला होता. धुळीचा नव्हे, कापसाचा. तेलानं चिंब झालेली तूस, आणि तिच्यात बारीक लाल-हिरवे धागे.

"अप्पा, हितं तर तुमची चादरच विणून तयार हाय."

सिद्धप्पा वाकले. "ही तर आपलीच लाल चादर," ते पुटपुटले. मग त्यांना उलगडा झाला. पोरं गाडीवर चढतात म्हणून महिन्याभरापासून ते ती कारखान्यातल्या यंत्रमागांच्या शेडमागं, सावलीत लावत होते. तिथंच पंखा होता, आतली सगळी तूस बाहेर फेकणारा. सकाळी गाडी तिथंच उभी असताना ते इंजिन तापवत बसायचे आणि इंजिन हवेबरोबर ती तूस आत ओढायचं.

"चूक माझीच झाली," सिद्धप्पा म्हणाले.

"माझी बी हाय. मी धुतलेलं बिघडणार न्हाय, आसं धरून चाललो." आणि हिंदुराव असे काही हसायला लागले, की सिद्धप्पांनाही हसू आवरेना. काय झालं ते शांतम्माला कानडीत सांगितल्यावर तीही पदर तोंडाला लावून हसली.

टाकीतून थोडं पेट्रोल काढून त्यांनी जाळी खळखळून धुतली, झटकून वाळवली, डब्यात धूळ धरायला असतं ते तेल नवं घातलं. सुरू केल्याबरोबर इंजिनाचा आवाज भरदार आला. हिंदुरावांनी डोळे मिटून तो क्षणभर ऐकला आणि गियर टाकला.

मोटार घाट अशी चढली, की वाटेतला भरलेला ट्रक मागं पडला. वारा आत घुसला, शांतम्माचा पदर डोक्यावरून उडाला, पण तिनं तो सावरला नाही. समोरच्या फळीवरचे हात कधी सुटले तेही तिला कळलं नाही. निधान हा शब्द तर तिच्या तोंडून एकदाही निघाला नाही.

माथ्यावर हिंदुरावांनी गाडी बाजूला घेतली. खाली सोलापूरकडचा रस्ता पांढऱ्या दोरीसारखा पडला होता. "उतरा अव्वा, भाकरी खाऊ. देऊळ आता जवळच हाय."

शांतम्मा जागची हलली नाही. ती मागं वळून घाटाकडं बघत होती.

"इन्नोम्मे," ती म्हणाली.

हिंदुरावांनी सिद्धप्पांकडं पाहिलं.

"परत एकदा म्हणते," सिद्धप्पा म्हणाले. "अव्वा, देवी वाट बघतीय."

"बघू दे थोडी," शांतम्मा म्हणाली.

मग काय, हिंदुरावांना तरी दुसरं काय हवं होतं? त्यांनी मोटार वळवली आणि तिघं पुन्हा घाटाच्या तळाकडं निघाले.