जांभळ्या चिंधीचा सांबार

माझ्या वडिलांच्या सांबाराची नक्कल त्या दिवसापर्यंत कोणीही करत नव्हतं. तरी मी जाहिरातीत लिहिलं, ‘नकलेपासून सावध राहा.’

सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्या वऱ्हाडात तिला तेच म्हणतात. आणि मी म्हणजे अकोल्याच्या एका दैनिकाच्या जाहिरात विभागात सव्वीस वर्षं रिकाम्या चौकटी भरत आलेला माणूस. त्या संध्याकाळी एका चपलांच्या दुकानदारानं ऐन वेळी जाहिरात मागं घेतली आणि अमरावतीच्या पानावर तळहाताएवढी जागा मोकळी पडली. साहेब म्हणाले, काहीही टाका. ‘काहीही’ म्हटल्यावर मला बाप आठवला, यावरून माझी पितृभक्ती समजून घ्यावी.

दहा मिनिटांत मजकूर तयार झाला. ‘अस्सल गावरान सांबार. ओळख एकच, जांभळी चिंधी. नकलेपासून सावध राहा.’ शेवटची ओळ हातातून आपोआप उतरली. लोणच्याची जाहिरात असो की चुन्याच्या डबीची, ती ओळ असतेच. ती नसली तर माल हलका वाटतो, असं मी नवीन पोरांना शिकवत आलोय. चिंधीचा फोटो जवळ नव्हता, म्हणून ऑपरेटरनं संगणकातून एक जांभळी चकचकीत रिबीन काढून लावली. वाढदिवसाच्या भेटीवर बांधतात तशी. मी म्हटलं, चालते.

आता त्या चिंधीचं सांगतो. माझी आई आयुष्यभर जांभळी सुती लुगडी नेसली. आमच्या काळ्या जमिनीत हा रंग मळत नाही, असं तिचं म्हणणं. लुगडं विरलं की ती त्याच्या चिंध्या काढायची. कैची तिनं कधी वापरली नाही. काठाला दातानं एक चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी सरळ फाडत न्यायची. फाडलेल्या कडेला बारीक दशा निघायच्या. त्या चिंध्यांनी बाबा सांबाराचे गठ्ठे बांधायचे आणि पहाटेच्या गाडीनं अमरावतीच्या भाजीबाजारात न्यायचे. बाकीचे लोक सुतळी बांधत. आमच्या गठ्ठ्यात मधोमध गवत नसे, वजनासाठी पाणी मारलेलं नसे, पिवळी काडी नसे. हे बाजारातल्या चिल्लर भाजी विकणाऱ्या बायांना ठाऊक होतं. त्या हर्राशीत, म्हणजे लिलावात, चिंधी पाहून गठ्ठा उचलत आणि गिऱ्हाइकाला सांगत, चिंधीचा आहे, घ्या. माल संपला की चिंधी घडी करून कमरेला खोचत आणि दुसऱ्या दिवशी बाबांना परत देत. तशी रीतच पडून गेली होती. एकेक चिंधी वर्षानुवर्षं गावाहून बाजारात आणि बाजारातून गावात यायची. आई ती धुवायची, वाळवायची, पुन्हा बांधायला द्यायची.

सहा वर्षांपूर्वी आई गेली. पेटीत तीन लुगडी निघाली. बाबांनी ती पुढच्या दोन वर्षांत फाडली, तीही हातानंच. त्यानंतर नवी चिंधी होणार नव्हती. ज्या फिरत होत्या, तेवढ्याच. बाबांची बाजारातली पत त्यांत होती आणि आईचं घरात उरलेलं सगळं कापडही त्यांतच होतं. हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी ती पानावर छापली, म्हणून हे लिहितोय.

जाहिरात आली त्या दिवशी बाबांचा फोन आला. शेजारच्या कोणीतरी वाचून दाखवली होती.

“नक्कल कोन करून राह्यलं रे आपली?”

कोणी नाही, मी म्हणालो. जाहिरातीत असं लिहायची पद्धत असते.

“पद्धत हाये म्हन्तो. मंग ठीक हाये,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “आन ते चमकते ते काय हाये?”

मी रिबिनीचं सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

पंधरा दिवसही गेले नसतील. कोणीतरी ती जाहिरात मोबाइलवर फिरवली. आतापर्यंत चिंधी फक्त बायांना ठाऊक होती, आता ती गिऱ्हाइकांना ठाऊक झाली. जो तो विचारू लागला, जांभळ्या चिंधीचा आहे का? आमच्या शेताच्या धुऱ्याला ज्यांचं वावर लागून आहे ते काका एक दिवस बाबांकडे आले. साधा माणूस. त्यांनी विचारलं, अडत्या म्हणतो तूही चिंधी बांध, लोक मागून राहिले, तर मी काय करू? बाबा म्हणाले, बांध.

काकांनी बांधली. त्यांच्यामागून दुसऱ्यानं बांधली, मग तिसऱ्यानं. कोणी ब्लाउजचं कापड कापलं, कोणी पडद्याचं, आणि एकानं तर थेट जाहिरातीतल्यासारखी रिबीनच आणली. महिन्याभरात अर्धा बाजार जांभळा झाला. मी सव्वीस वर्षांत केलेली सगळ्यात यशस्वी जाहिरात हीच. तिनं माझा बाप सोडून सगळ्यांचा माल खपवला.

खरं नुकसान मला उशिरा समजलं. बाया पूर्वीसारख्याच चिंध्या परत देत होत्या, पण आता कोणती कोणाची हे त्यांनाही कळत नव्हतं. कोणाचीही चिंधी कोणाकडेही जायची. मी गावी गेलो तेव्हा बाबा निंबाखाली खाटेवर बसले होते आणि समोर चिंध्यांचा ढीग होता. डोळ्यांना आता कमी दिसतं, म्हणून ते एकेक उचलून अंगठा आणि बोटाच्या मधून ओढत होते. गुळगुळीत लागली की एका बाजूला टाकत. बऱ्याच वेळानं एखादी मांडीवर ठेवत. मांडीवर तीनच होत्या.

“चाळीसेक होत्या,” ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस किती झाला हे सांगावं तसं सांगितलं.

मग मला जोर चढला. ज्यानं भानगड केली त्याला निस्तरायचा जोर फार येतो. माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र अमरावतीत वकील आहे, ट्रेडमार्कची कामंही करतो. बाबांना नवं धोतर नेसवून मी त्याच्याकडे घेऊन गेलो. त्यानं चांगलं समजावून सांगितलं. निशाणी म्हणजे हा माल कोणाकडून आला याची खूण. ती नोंदवता येते, ताज्या भाजीपाल्याचा वर्गही वेगळा आहे. नोंद नसली तरी, दुसऱ्याच्या खुणेवर कोणी आपला माल खपवत असेल तर कोर्ट अडवू शकतं. पण ती खूण आपलीच, हे दाखवावं लागतं. कागद काय आहेत?

कागदांचं असं होतं की बाजाराच्या पावत्यांवर सांबार लिहिलेला होता, चिंधी कुठंच नव्हती. चिंधीचा उल्लेख असलेला जगातला एकमेव कागद म्हणजे माझी जाहिरात. ती मी मोठ्या ऐटीत पुढं केली. वकिलानं ती पाहिली, चष्मा वर केला, पुन्हा पाहिली.

“यात तर रिबीन आहे,” तो म्हणाला.

मी पाणी प्यालो.

त्यानं अडचणी सांगितल्या. एक तर चिंधी ही बांधायची वस्तू, नुसत्या बांधणीवर एकाचा हक्क सांगणं जड जातं. दुसरं, रंग सगळ्यांनी वापरायला सुरुवात केली, आता वेगळेपण कशात? त्यावर बाबा पहिल्यांदा बोलले. त्यांनी खिशातून दोन चिंध्या काढल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

“हे फाडेल हाये. ते कापेल हाये. बोट लावलं का समजते.”

वकिलानं बोट लावून पाहिलं. त्याला समजलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण तो म्हणाला, बाबा, हे मला समजलं, कागदाला कसं समजेल? ते असो, आपण प्रयत्न करू. पहिली नोटीस कोणाला पाठवायची? सुरुवात कोणी केली?

मी काकांचं नाव घेतलं. वकिलानं विचारलं, त्यांनी विचारून बांधली का? बाबा म्हणाले, हो, इचारलं. आणि तुम्ही काय म्हणालात? म्हनलं, बांध.

वकिलानं पेन खाली ठेवलं. मालकानंच परवानगी दिल्यावर भांडायचं कशावर, असा त्याचा अर्थ होता. तरी माझं तोंड पाहून तो म्हणाला, तोंडी बोलण्याला साक्षीदार नसेल तर…

“त्यानं याच्या मायले खांदा देल्ला,” बाबा म्हणाले. “त्याले नोटीस नाही जात.”

मग नुसती नोंदणी तरी करू, असं ठरलं. अर्ज भरायला घेतला. मालकाचं नाव या रकान्यात वकील बाबांचं नाव लिहू लागला, तर बाबांनी त्याचा हात धरला.

“तिथं माहं नाव काहून? चिंधी तिची हाये.”

त्या गेल्या ना, वकील हळू आवाजात म्हणाला. गेलेल्या माणसाच्या नावानं अर्ज होत नाही. तुमचं लिहू, तेच बरोबर आहे.

बाबांनी ते ऐकून घेतलं. नमुन्याचा फोटो काढायला म्हणून ठेवलेली आईची चिंधी त्यांनी टेबलावरून उचलली, घडी केली आणि खिशात घातली. कापेल चिंधी तिथंच राहू दिली. जिना उतरताना मला म्हणाले, तुझा दोस्त हुशार आहे, चहा पाजायला पाहिजे होता त्याला.

त्यानंतर त्यांनी चिंधी बांधणं बंद केलं. सुतळी बांधू लागले. गठ्ठा आता हर्राशीत कोणाचाही म्हणून जातो. एक म्हातारी भाजीवाली अजून वास घेऊन त्यांचाच गठ्ठा उचलते म्हणे, पण तीही आता रोज येत नाही. परत आलेल्यांतून बाबांनी आईच्या नऊ चिंध्या वेचल्या आणि बिस्किटाच्या टिनाच्या डब्यात ठेवल्या. आम्ही गावी गेलो की माझ्या बायकोला तो डबा ते उघडून दाखवतात. मला नाही. मागं एकदा मी जवळ गेलो तर तिला म्हणाले, “झाक व सूनबाई. यानं पाह्यलं त छापून टाकन.” ती हसली. मीही हसलो. मग मी उगाच विहिरीकडे जाऊन आलो.

माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. सांबाराचे गठ्ठे अमरावतीहून अकोल्यालाही येतात. त्यांत आईची एखादी चिंधी असेल, या आशेवर मी ऑफिसातून परतताना रोज बाजारात फिरू लागलो. भाजीवाल्या बाया ओळखू लागल्या. घ्यायचं काही नाही, नुसता गठ्ठ्याच्या गाठी चाचपतो, असा माणूस लक्षात राहतोच. एकीनं मला, भाऊ, काही हरवलं का, असंही विचारलं. घरी रिकाम्या हातानं येऊन मी जेवायला बसायचो आणि बायको ताट वाढायची. असं चार महिने चाललं.

मग एका बुधवारी मी घरी आलो तर स्वयंपाकघरात जमिनीवर सांबाराचा अख्खा गठ्ठा. वास दारापर्यंत येत होता. बायकोनं माझ्या हातात जांभळी चिंधी ठेवली.

“मिळाली,” ती म्हणाली. “बाई नुसती चिंधी देईना, म्हणून गठ्ठाच घेतला.”

चिंधी सुती होती, मऊ होती, धुऊन धुऊन फिकी झालेली होती. मी ती नाकाला लावली. मला त्यात काय काय आलं ते सांगत नाही, या वयात शोभत नाही. आम्ही तीन दिवस सांबारवड्या खाल्ल्या, शेजाऱ्यांना वाटल्या, तरी सांबार उरलाच.

रविवारी आम्ही गावी गेलो. बाबा निंबाखालीच होते. बायकोनं चिंधी त्यांच्या हातात दिली आणि कुठं मिळाली ते सांगितलं. त्यांनी ती अंगठा आणि बोटाच्या मधून एकदा ओढली. मग परत दुसऱ्या टोकापासून, सावकाश. मला धीर निघेना.

“आईची आहे ना?” मी विचारलं.

बाबांनी आधी सुनेकडे पाहिलं. मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. इतका वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिल्याचं मला आठवत नाही.

“तिचीच हाये,” ते म्हणाले. उठले, आतून डबा आणला, माझ्यासमोर उघडला आणि ती बाकीच्यांवर ठेवली. मी प्रथमच तो डबा आतून पाहिला. नऊ चिंध्या नीट गुंडाळून ठेवलेल्या होत्या, दहावी वर सैल पडली होती.

परतीच्या एसटीत मी फार बोललो. म्हटलं, पहा, एक मिळाली म्हणजे आणखीही मिळतील, उद्यापासून अकोला, अमरावती दोन्ही बाजार पाहतो. बायको खिडकीबाहेर पाहत होती. मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा ती माझ्याकडे वळली.

“आईंची नव्हती ती,” ती म्हणाली. “कैचीनं कापलेली होती. मला घेतानाच दिसलं होतं, आणि मामाजींना हात लावताच समजलं. पण ठेवून घेतली ना त्यांनी? आता तुम्ही शोधू नका.”