कालव्यावरच्या मुलीचे अंगठे

सेल्विन हेग नवीन माणूस भेटला की आधी त्याच्या अंगठ्यांकडे पाहतो. इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या एका कारखान्यात त्याने एकतीस वर्षं चष्म्यांची भिंगं घासली, पण ही सवय तिथली नव्हे. ती जुन्या साप्ताहिक कॉमिकांनी लावली.

सत्तरच्या दशकातल्या त्या साप्ताहिकांत चित्रकाराचं नाव छापत नसत. कुणी पानाच्या कोपऱ्यात सही केलीच, तर कचेरीत तिच्यावर पांढरा रंग फासला जाई. लहानपणी आठवडाभर ज्याच्या चित्रांची वाट पाहिली तो माणूस कोण, हे मुलांना कधी कळलं नाही. त्यातली काही मुलं मोठी झाल्यावर ते शोधायच्या मागे लागली. कुणी कानांवरून चित्रकार ओळखतं, कुणी बुटांवरून, कुणी घोड्याच्या मागच्या पायांवरून. सेल्विन अंगठ्यांवरून ओळखतो.

१९९१ पासून तो ‘टू स्टेपल्स’ नावाचं पत्रक काढतो. वर्षातून चार अंक, दोनशे दहा वर्गणीदार. पहिल्या पानावर बातम्या असतात: कुणाचं नवं कॉमिक येतंय, कुठला मेळावा कुठल्या सभागृहात हलला, कोण वारलं. मग परीक्षणं. घरच्या घरी कॉमिक छापणारी तरुण मंडळी त्याला आपली पुस्तकं पाठवतात आणि धास्तावून बसतात. ‘चित्रं नीट आहेत. गोष्ट दुसऱ्या पानावर संपते. उरलेली अठरा पानं कशासाठी ते कळलं नाही,’ असं तो लिहितो. शेवटच्या पानावर कुठल्या जुन्या गोष्टीची चित्रं कुणी काढली त्याचे निकाल असतात. या निकालांना देशभरचे संग्राहक मान देतात. त्याच्या घरी बुटांच्या खोक्यांत अशा निकालांची चार हजार कार्डं आहेत.

त्यातलं सर्वांत नावाजलेलं कार्ड १९९४ चं. ‘मॅरिगोल्ड’ या मुलींच्या साप्ताहिकात चौतीस आठवडे चाललेली ‘कालव्यावरची मुलगी’ आयव्हर पॅस्को यांनी काढली, असं त्यावर लिहिलं आहे. सेल्विन तेव्हा पॅस्कोंना क्रॉयडनला जाऊन भेटला होता. त्यांच्या कपाटात या गोष्टीची पाच मूळ पानं होती. शिवाय त्यांनी काढलेली टॉफीची एक जाहिरात होती, त्यांच्या सहीची. जाहिरातीतल्या मुलाचा अंगठा आणि कालव्यावरच्या मुलीचा अंगठा तंतोतंत एक: टोकाला मागे वळलेला, नख चौकोनी. सेल्विन तासभर स्तुती करत राहिला. पॅस्को मान हलवत राहिले. २००३ मध्ये ते गेले.

गेल्या वर्षी लीड्सच्या एका छोट्या प्रकाशन संस्थेने ही गोष्ट पुस्तकरूपात काढायची ठरवली. मुखपृष्ठावर पॅस्कोंचं नाव, आत सेल्विनची प्रस्तावना. गुरुवारी दुपारी बारा वाजता पुस्तक छपाईला जाणार होतं. सोमवारी समुद्रकाठच्या मोरकॅम गावाहून पत्र आलं.

‘तुमच्या पत्रकाचा अंक भाचीने आणून दिला,’ बेरिल टॅटरसॉल या बाईंनी लिहिलं होतं. ‘मी शहाऐंशी वर्षांची आहे. कालव्यावरची मुलगी मी काढली. आयव्हर कचेरीत आम्हा सगळ्यांच्या चित्रांतले हात दुरुस्त करायचा. पुस्तकावर त्याचं नाव घालू नका. माझ्या घरातल्यांना अजून वाटतं की मी लंडनला टायपिंग करत होते.’

सेल्विनने पत्र दोनदा वाचलं आणि टेरेन्सला फोन केला. टेरेन्स ब्रॉडबेंट जुनी कॉमिकं विकतो आणि तीस वर्षं त्याचा मित्र आहे.

“म्हणजे तू कचेरीतल्या कारकुनाचे अंगठे ओळखत होतास,” टेरेन्स म्हणाला. “पंचवीस वर्षं!”

“तो कारकून नव्हता.”

“बरं, अंगठेदुरुस्तीवाला. किती कार्डांवर आहे रे तो?”

“सहाशे बारा.”

“अरे देवा. मला तरी संशय होताच. एक माणूस आठवड्याला अकरा पानं काढतो?”

“मग बोलला का नाहीस?”

“तुझी प्रस्तावना छान असते.”

बुधवारी सकाळी सेल्विन लीड्सला गाडी बदलून मोरकॅमला गेला. पिशवीत कालव्यावरच्या मुलीच्या चौतीसही प्रकरणांच्या प्रती होत्या, आणि वेगळ्या काढलेल्या बारा पानांच्या छायाप्रती. सहा कालव्यावरच्या मुलीची, सहा इतर गोष्टींची, सगळी सरमिसळ करून. परीक्षाच म्हणायची.

बेरिलबाईंनी चहा ओतला, आल्याची बिस्किटं पुढे सरकवली आणि चष्मा बदलला.

“हे माझं. हेही. हे नाही. हा घोडा मी मेले तरी काढला नसता.”

ते पान कालव्यावरच्या मुलीचंच होतं. मग एका पोहण्याच्या गोष्टीचं पान त्यांनी आपलं म्हणून बाजूला काढलं. ती गोष्ट एका इटालियन चित्रकाराची, आणि त्याचा पुरावा सेल्विनकडे पत्राच्या रूपात होता.

“बाई, हे तुमचं नसणार.”

“तू होतास का तिथे?”

“नाही.”

“मग गप बस आणि बिस्कीट खा.”

शेवटी हिशोब असा झाला: सहापैकी चार बरोबर, दोन चूक, आणि परक्या सहांतलं एक त्यांनी आपलं म्हटलं. सेल्विनला हे धड होकारही वाटेना आणि नकारही. करारपत्र नव्हतं, मूळ पान नव्हतं, सहीचा तर प्रश्नच नव्हता.

“पॅस्कोंनी मला सांगितलं का नाही?” त्याने विचारलं.

“आयव्हर भला माणूस होता. पण कुणी कौतुक करायला लागलं की त्याच्याने मध्ये तोंड उघडवत नसे.”

“एक चित्र काढून दाखवाल?”

“या बोटांनी?” त्यांनी सांध्यांत सुजलेली बोटं वर केली. सेल्विनने अर्थातच आधी अंगठा पाहिला. “बरं, आण तो कागद. पण नंतर हसलास तर चहाचा कप डोक्यात घालेन.”

वीस मिनिटं लागली. रेषा थरथरत होती. बोटीवर उभी असलेली मुलगी कुठल्याच छापील पानासारखी दिसत नव्हती. सेल्विन सवयीने हात शोधू लागला. हात नव्हते. दोन्ही एप्रनच्या खिशात होते.

“हात?”

“मला हात येतच नाहीत. कधीच आले नाहीत. मी खिशात घालायचे, पाठीमागे न्यायचे, पुढ्यात बादली ठेवायचे. संपादक ओरडायचा. मग फारच अडलं की मी काहीतरी रताळ्यासारखं काढायचे आणि आयव्हर ते नीट करायचा.”

परतीच्या गाडीत सेल्विनने चौतीस प्रकरणांच्या प्रती मांडीवर घेतल्या. पंचवीस वर्षं त्याने या पानांतल्या हात असलेल्या चौकटीच पाहिल्या होत्या. आता तो उरलेल्या पाहू लागला. मुलीचे हात खिशात होते, शालीत होते, कुत्र्याच्या मागे, बोटीच्या काठाखाली, धुक्यात. दर चार चौकटींपैकी तीनमध्ये हात नव्हते. त्याला हायसं वाटलं. मग पिशवीतल्या इतर गोष्टींची पानं त्याने त्याच नजरेने पाहिली, तर एका अनाथाश्रमाच्या गोष्टीतही सगळ्या मुली हात पाठीमागे घेऊन उभ्या. ते पान बेरिलबाईंनी ‘माझं नाही’ म्हणून ठामपणे परत केलं होतं. वाटेतलं स्किप्टन स्टेशन येईपर्यंत त्याचा पुन्हा गोंधळ झाला होता.

गुरुवारी अकराला प्रकाशन संस्थेच्या ब्रॉनवेनचा फोन आला.

“सेल्विन, मुखपृष्ठावर कुणाचं नाव?”

“बेरिल टॅटरसॉल.”

“नक्की?”

“नाही.”

“अहो, असं कसं चालेल? पॅस्कोंचं नक्की होतं ना?”

“ते नक्की होतं, आणि चूक होतं.”

“मग या बाईंचंही चूक निघालं तर?”

“निघू शकतं. त्या घोड्याचं मला काही कळत नाही. तो बहुतेक बाई सुट्टीवर असताना तिसऱ्याच कुणी काढला. पण ही मुलगी ज्याला हात येत नाहीत त्याने काढली आहे, एवढं मी सांगतो. पॅस्कोंना फक्त हातच येत होते.”

“मुखपृष्ठावर ‘बहुधा’ छापता येत नाही हो.”

“माहीत आहे. नाव छाप.”

नाव छापलं. आतल्या पानावर लहान अक्षरांत ‘हात: आयव्हर पॅस्को’ असंही आलं. प्रस्तावना सेल्विनने काढून टाकायला सांगितली. पुढच्या अंकात त्याने सहाशे बारा निकाल एका वाक्यात मागे घेतले. सोळा वर्गणीदारांनी विचारलं, मग ती पानं कुणाची? सोळाही जणांना त्याने ‘माहीत नाही’ असं पोस्टकार्ड पाठवलं. पुस्तकाचं परीक्षण मात्र त्यानेच लिहिलं. सात ओळींचं. त्यात ‘चित्रं बहुधा बेरिल टॅटरसॉल यांची’ असं होतं.

अंक मोरकॅमला पोचला त्याच दिवशी फोन वाजला.

“पुस्तक मिळालं,” बेरिलबाई म्हणाल्या. “भाचीने सगळ्या घराला दाखवलं. पण तुझ्या अंकात हे बहुधा काय आहे रे? मी बहुधा काढत होते का?”

“बाई, मला पूर्ण खात्री नाही.”

“मग अंकावर संपादक सेल्विन हेग असं छापतोस, तिथेही घाल की बहुधा.”

पुढच्या अंकाचं पहिलं पान समोर टेबलावर होतं. फोनच्या पलीकडे त्या वाट पाहत होत्या, आणि त्याने पेन्सिल उचलून ‘संपादक’पुढे ‘बहुधा’ लिहिलं.