पाळकसाहेबांचं पयलं वाक्य

चर्च झाडाय लागलं की बाकाखाली काय काय घावतं. एका पायाची चप्पल, डबा, एकदा तर कुनाची कवळी! किस्से बी तसंच साठत्यात बगा. मी घंटा वाजवनारा दावीद, शाळा दुसरीपतोर. लिवताना चुकलं तर हासा, पर आईका.

दुष्काळाच्या साली सोलापुरात आमच्या चर्चला नवं पाळकसाहेब आलं. शिकल्यालं, गरीब मानूस. त्यांची बाई पोटुशी. पर उपदेश कागदावर लिवून आनायचं आन् मान खाली घालून वाचायचं. निम्मी मंडळी गिरणीतली, रातपाळी करून थेट बाकावर! पयल्याच रविवारी "प्रिय बंधुभगिनींनो" म्हनूस्तवर घोरनं सुरू. चर्चच्या कमिटीचं मुख्य पंच याकोबतात्या तर "प्रिय"लाच गेलं. आन् जागं झाल्यावर वर म्हनत्यात, "इस्टरपतोर बगू. लोकं अशीच झोपली तर ह्यास्नी तिकडं आडबाजूच्या जेऊरला धाडाय सांगू."

साहेब माज्याकडं आलं. "दावीद, काय करू रे?"

"सुरवातीलाच दनका द्या, साहेब. बाकी म्या हाय की!"

हितंच त्यांचं चुकलं.

*

हरवल्याल्या मेंढराचा उपदेश हुता. शंभरातलं एक हरवलं, धनी नव्व्यान्नव सोडून त्येला हुडकाय गेला, आसा. मी सांगोल्याच्या पाव्हन्याकडनं जित्तं कोकरू आनलं. साहेबांनी ते उचलून धरलं. सगळी टक्क जागी! तेवढ्यात मी दार उगाडलं. सहज.

कोकरानं उडी मारली ती थेट रस्त्यावर. मागनं साहेब, पांढऱ्या झग्यासकट!

तासाभरानं साहेब कोकरू खांद्यावर घिऊन आलं तर चर्च रिकामं. मी म्हनलो, "साहेब, एक घावलं. पर नव्व्यान्नव घरला गेली!"

*

दुष्काळात रेशनवर तांबडी मिलो जवारी मिळायची. एका रविवारी साहेबांनी मिलोची भाकर वर धरली आन् गप उबं ऱ्हायलं. लोकं टकामका बगाय लागली. शेवटी म्हातारी सारूबाई वराडली, "बाईनं जेवाय घातलं न्हाय व्हय? खावा आदी, आमी थांबतो!"

बाई बसल्या जागी लालबुंद.

*

मग मी भंगारातनं हातानं फिरवायचा भोंगा आनला. साहेबांनी उपदेशाच्या आदी फिरवला. आवाज हुबेहूब गिरणीचा!

झोपल्याली समदी दचकून उटली, बाकाखालचं डबं उचललं, आन् सायकली काढून निगाली ड्यूटीवर!

याकोबतात्या बी गेलं. रिटायर हून दोन वर्सं झालेली! गेटावर वॉचमनशी भांडून आलं, "मला आत का सोडत न्हाईस?" म्हनून. तवापास्नं तात्यांनी ठरवलंच, हा पाळक जेऊरला.

*

आला इस्टर. समदी कमिटी पयल्या बाकावर. बाईंनी घरात सामान बांदून ठेवल्यालं.

आता खरं सांगतो. सकाळी झाडताना मी साहेबांच्या बायबलातला उपदेशाचा कागदच काडून खिशात घातला. बगू तरी कागदाबिगार काय बोलतोय!

साहेबांनी बायबल उगाडलं. मिटलं. चश्म्यावरनं माज्याकडं बगितलं. "आजचा उपदेश दावीदच्या खिशात आहे. दावीद, वर ये आणि वाच." आन् जाऊन बायकोशेजारी बसलं!

समद्या माना माज्याकडं. वर गेलो, कागद उलगाडला, एकेक अक्षर लावाय लागलो.

"दा... वी... द..." आरं, हे तर माजंच नाव!

"का... ग... द..."

"कागद!" सारूबाई वराडली.

"चो... र... ला..."

"चोरलास!" समदं चर्च वराडलं.

"ते... ब... रं... के... लं... स..."

घामानं भिजलो मी. खाली बगतो तर आजून पान भरून लिवल्यालं! तितंच थांबलो.

तर "प्रिय"लाच झोपनारं याकोबतात्या चश्मा लावून, बाकावरनं उटून, पाक माज्याम्होरं आल्यालं.

"थांबलास का रं? म्होरं वाच की!"