झोपलेल्या राजाचा आवाज

अण्णाला जाऊन महिना झाला. भेटायला येणारे त्याच्या कितीतरी आठवणी सांगतात. मला मात्र पुन्हा पुन्हा एकच संध्याकाळ दिसते.

आमच्या हौशी मंडळानं धारवाडात एक जुनी इंग्रजी शोकांतिका मराठीत बसवली होती. चेटकिणी सेनापतीला सांगतात, तू राजा होशील. आणि तो घरी पाहुणा आलेल्या राजाला झोपेत मारतो. सेनापती होता अळणावर गावाहून येणारा एक शिक्षक. माझा थोरला भाऊ अण्णा राजा झाला होता. मी विंगेत संहिता धरून प्रॉम्प्टर.

सेनापतीची भूमिका अण्णाला हवी होती. किती हवी होती, ते मलाच ठाऊक. गोकुळ रोडवरच्या कारखान्यातून परतला की केलगेरीच्या तळ्याकाठी तो ती अख्खी म्हणायचा. मला संहिता उघडावी लागायची नाही. लहानपणी दारात आलेल्या, भविष्य सांगणाऱ्या बुडबुडक्यानं डमरू वाजवत त्याला कन्नडमध्ये सांगितलं होतं, "नी राजा आगती." तू राजा होशील. भूमिका वाटल्या त्या दिवशी अण्णा हसून म्हणाला, "झालो बघ राजा. पण लगेच मरणारा."

प्रयोगाच्या दिवशी घंटा द्यायची वेळ झाली तरी सेनापतीचा पत्ता नव्हता. दिग्दर्शक कपाळाला हात लावून उभे. मग अण्णाकडे वळून म्हणाले,

"अरे, तुला सगळं पाठ आहे. तो येत नसेल तर तूच चढव अंगरखा. राजाचं काय, झोपून कुणीही मरेल!"

ते बाहेर गेले आणि अण्णाच्या हातातला मोबाइल थरथरला. मी शेजारीच होतो, पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "गाडी अडकली रे. जीप मिळालीय. अर्ध्या तासात पोचतो, थांबा."

सेनापतीचा अंगरखा समोरच्या खुर्चीवर होता. 'फोन लागत नाही' एवढं म्हणायचा अवकाश. अण्णानं त्या अंगरख्याची बाही बोटांनी चाचपली. मग तो दारात जाऊन म्हणाला, "सर, येतोय तो. अर्धा तास थांबू या."

"नशीब दारात आलं होतं की रे तुझ्या!"

"दारात आलं म्हणून आत घ्यायलाच पाहिजे का, सर?"

प्रयोग उशिरा सुरू झाला. राजा मंचकावर झोपला. सेनापती खंजीर घेऊन आला, आणि धावपळीनं दमलेला तो भला माणूस वाक्यच विसरला. मी ओळीवर बोट ठेवून तोंड उघडलं, तोवर मंचकावरून कुजबुज आली. डोळे मिटून पडलेल्या राजानं, ओठ जेमतेम हलवत, आपल्या मारेकऱ्याला त्याचं वाक्य सांगितलं. सेनापतीनं ते उचललं, खंजीर उगारला. नाट्यगृह टाळ्यांनी भरून गेलं.

त्या नाटकावर मी पुष्कळ वाचलं आहे. त्या कुजबुजीएवढं काहीच मला समजावून देऊ शकलं नाही.

गेल्या महिन्यात अण्णाला अंगणात निजवलं, तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच्या ओठांकडे पाहत राहिलो.