आजारी पडायचं, पण दुसऱ्या डिपार्टमेंटचं

अठरा वर्षं एकाच टेबलावर बसून दुसऱ्यांच्या आजारपणाचे अर्ज घेतले की डोक्यात किस्से नुसते साचत जातात. भाईंदर पूर्वेच्या आमच्या हॉस्पिटलात सिक लीव्हचं रजिस्टर माझ्याकडे असतं. मध्यंतरी पहिल्यांदाच त्यात माझं स्वतःचं नाव गेलं. छातीतली गाठ काढून तपासायला पाठवली होती, शुक्रवारी रिपोर्ट येणार होता. साधी निघाली तर पुन्हा कामावर, नाहीतर किमो! तो आठवडा मी घरी बसून काढला तो या किस्स्यांवरच.

*

आमच्याकडे एक अलिखित नियम आहे. आजारी पडायचं, पण आपल्या डिपार्टमेंटच्या आजाराने नाही! फिजिओथेरपीचे जोशी एकदा कंबर धरून, वाकत वाकत टेबलाशी आले. अर्जावर कारण होतं, ताप.

"सर, ताप कुठेय? कंबर दिसतेय!"

जोशींनी मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, बाहेर बारा पेशंट कंबर घेऊन बसलेत. त्यांच्यासमोर कंबरदुखी लिहू?"

आमच्या डाएटिशियन बाई ॲसिडिटी झाली की 'पाय मुरगळला' लिहितात. नंतर दोन दिवस लंगडतातही, अगदी मनापासून. फक्त कोणता पाय ते विसरतात!

*

डॉक्टर मंडळींचं पान सगळ्यांत कोरं. डॉ. सावंत एकदा अंगात ताप घेऊन राउंडला आले. वॉर्डच्या राणे सिस्टरनी कपाळाला हात लावला आणि त्यांना सरळ रिकाम्या बेडवर आडवं करून सलाईन लावलं. पडल्या पडल्या सावंतांनी शेजारच्या काकांना विचारलं, "काय काका, आज जेवण गेलं का?"

काका म्हणाले, "माझं सोडा हो. तुमचे डॉक्टर कोण? सकाळपासून कोणी बघायला आलं का?"

*

खुद्द राणे सिस्टर सिक लीव्हवर गेल्या की घरून दर तासाला वॉर्डात फोन. पाच नंबरचं सलाईन बदललं का, सात नंबरची आजी चालली का! तिसऱ्या दिवशी दोन ज्युनियर नर्स माझ्याकडे आल्या. "मॅडम, सिस्टरची रजा कॅन्सल करा ना. त्या आल्या की आम्हाला जरा आराम मिळेल!"

*

सफाईच्या पाटील मावशी काशीगावच्या. त्यांनी दोन दिवस आजारपणाची रजा घेतली, आणि दोन्ही दिवस ओपीडीच्या बाकड्यावर पंख्याखाली बसलेल्या!

"मावशी, रजा घेतलीत ना? मग इथे काय?"

"घरी ऱ्हायले तर सून म्हणंल, आई घरीच हाय, भाकऱ्या टाका. इथं मला कोन न्हाय बोलवत. झोप लागते चांगली!"

*

या सगळ्यांना मी हसते खरी. पण माझ्या ऑपरेशननंतर जोशी रोज येऊन हात कसा उचलायचा ते शिकवून जायचे, आणि राणे सिस्टर ड्यूटी संपवून ड्रेसिंगला यायच्या. मी एकालाही बोलावलं नव्हतं. या माणसांचे उपकार कसे मानू, मला खरंच कळत नाही.

*

शुक्रवारी सकाळपासून मी फोन धरून बसले होते. डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये, संध्याकाळशिवाय बोलणार नव्हते. साडेबाराला बेल वाजली. दारात लॅबचे साळुंखे. लिफ्ट बंद, त्यामुळे चार मजले चढून धापा टाकत होते. माझ्या गाठीच्या स्लाइड त्यांच्याच हातून गेल्या होत्या.

"रिपोर्ट आला?" मी दारातच विचारलं.

"ते डॉक्टर सांगतील. मी तोंड उघडणार नाही. लॅबचा नियम म्हणजे नियम!"

असं म्हणत त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात ठेवला. रजेचा अर्ज होता. या माणसाने आजवर एक दिवस रजा घेतली नव्हती.

"अहो, मीच रजेवर आहे. माझ्या जागी ती नवीन मुलगी बसतेय, तिला द्या."

"तिला कशाला?" साळुंखे जिन्याकडे वळत म्हणाले. "सोमवारी द्यायचाय तो. सोमवारी टेबलावर तुम्हीच असणार ना!"