धडे आले, तिचं शिकणं आलंच नाही

आमच्या वाघोलीच्या कॉलेजात ऑनलाइन अभ्यासक्रमाचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बाकीच्यांना वेळ नव्हता. मला होता म्हणे! ऑनलाइन सिस्टीम पुरवणाऱ्या जुन्या कंपनीचा करार संपत होता, सगळे धडे नव्या सिस्टीमवर न्यायचे होते. मी स्टाफरूममध्ये ऐटीत सांगितलं, "अहो, घाबरता कशाला? धडे सगळ्या सिस्टीमना चालणाऱ्या स्टँडर्डप्रमाणे बांधलेत. इथे चालतात तसे तिथेही चालतील."

आणि चालले. एकूण एक धडा उघडून पाहिला. आमच्याकडे गोष्ट उघडली की झाली, असंच धरतात. मी पेढे वाटले. जुनी सिस्टीम बंद झाली.

दोन दिवसांनी शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली. यवतमाळकडची, तिघींत एक खोली घेऊन राहणारी. हडपसरच्या कंपनीत तिची निवड झाली होती. या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र तेवढं सोमवारपर्यंत द्यायचं होतं.

"मॅडम, माह्या नावापुढं शून्य टक्के दाखवून राहिलं. मी तं सगळे धडे केले होते."

पाहिलं तर सगळ्यांच्याच नावापुढे शून्य. स्टँडर्डने धडे इकडून तिकडे नेले होते. कोण किती शिकलं याची नोंद जुन्या कंपनीकडून वेगळी मागून घ्यायची असते. ती मागायची कोणी? मी. डोक्यातच आलं नाही माझ्या. फोन केला, तर पलीकडून थंडपणे उत्तर आलं, "करार संपला की डेटा काढून टाकतो, मॅडम. आपण आधी कळवायला हवं होतं."

पुन्हा करावं, तर दिवसाला एकच धडा उघडतो; सोमवारपर्यंत सगळे होणं शक्यच नव्हतं. पोरं भराभर उरकतात म्हणून हा नियमही मीच केलेला. प्राचार्यांना म्हटलं, ही मुलगी शिकली आहे, मी लेखी देते. ते म्हणाले, "सिस्टीममध्ये दिसत नाही ना? मग संपलं." हडपसरच्या कंपनीने सोमवार गेल्यावर तिची जागा दुसऱ्याला दिली.

गावी परत जाण्याआधी ती भेटायला आली. मी तिची माफी मागितली. तिने ओरडावं, चार शब्द सुनावावेत, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. ती हळूच म्हणाली, "मॅडम, धडा पूर्ण झाला की स्क्रीनचा फोटो काढून ठेवू का, असं मी विचारलं होतं. तुम्ही हसल्या होत्या."

हसले होते. सगळ्या वर्गासमोर.