कोंबड्याचा तिसरा पाय

साबणकाकांच्या साबणावर कोंबडा होता आणि त्या कोंबड्याला पाय होते तीन. तिसरा काही काकांनी मागितला नव्हता. ठसा कोरणाऱ्याला ऐन वेळी शिंक आली, हातातली कोरणी घसरली आणि शेपटीखाली एक जादा पाय उमटला. काका म्हणाले, असू दे, जरा घट्ट उभा राहील. पुढं बायका दुकानात "तीन पायांचा द्या" असंच मागायला लागल्या, तेव्हा काकांनी ऐटीत जाऊन त्याचा ट्रेडमार्क करून घेतला. तीस वर्षं कढया ढवळून माणसानं मिरवावं असं हे एवढंच, तो कोंबडा.

आणि एक दिवस काकूंनी शेजारणीच्या मोरीतून एक ओलं वेष्टन आणून त्यांच्या पुढ्यात टाकलं. तोच पिवळा कागद, तोच तुरा, तोच ताठा. पाय मात्र दोन. पलीकडच्या गल्लीतल्या मेणबत्तीवाल्यानं साबण काढला होता आणि कोंबडा उचलला होता काकांचा.

काका तडक ट्रेडमार्कच्या ऑफिसात. तिथले साहेब भलतेच काटेकोर. भिंग घेऊन त्यांनी दोन्ही कागदांवरचे पाय दोनदा मोजले.

"तुमच्याला तीन, ह्याला दोन. मग हा तुमचा कसा?"

काका म्हणाले, साहेब, चोरताना एक गळला. साहेब म्हणाले, दोन पायांचे कोंबडे गावभर हिंडतायत, ते सगळे तुमच्या नावावर करू का? तीन पायांचा सापडला तर या, लगेच नोटीस काढतो.

पायऱ्या उतरले ते काका थेट मेणबत्तीवाल्याच्या शेडमध्ये. तो बिचारा यांना बघून खुर्ची पुसायला लागला. काकांनी उभ्याउभ्याच त्याला फैलावर घेतलं.

"चोरी करायची तर पुरती कर की रे. पाय कुठं गेला माझा?"

मेणबत्तीवाला ओशाळला. त्याला तो शाईचा डाग वाटला होता. आता काढतो म्हणाला आणि त्यानं जो काही काढला, तो पाय कसला, केरसुणीची काडी. काकांना बघवेना. कानामागची पेन्सिल ओढून त्यांनी स्वतःच काढून दाखवला, थोडा मागं झुकलेला, नखांसकट. मग आपण कसा सापळा लावला, या खुशीत घरी येऊन दोन घास जास्त जेवले.

आठवड्यात नवा माल बाजारात आला. काकांनी दोन्ही वेष्टनं साहेबांच्या टेबलावर ठेवली. मेणबत्तीवाल्यालाही बोलावणं गेलं. साहेबांनी दोन्ही कागद फिरवून फिरवून पाहिले आणि काकांना विचारलं, यातलं तुमचं कुठलं? काकांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. शेवटी वास घेऊन पाहिला.

"हे काकांचं," मेणबत्तीवाला अदबीनं म्हणाला. "माझ्या कागदावरचा पाय जास्त रेखीव आहे. तो काकांनीच काढून दिलाय ना."

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. मालकानं स्वहस्ते काढून दिला, म्हणजे ही परवानगीच झाली, असं त्यांनी सावकाश कागदावर लिहिलं आणि खाली काकांची सही घेतली.

दोघं बरोबरच पायऱ्या उतरले. खाली आल्यावर मेणबत्तीवाल्यानं भीत भीत कागद पुढं केला.

"काका, चोच बरोबर जमलीय ना?"

काकांनी मान फिरवली. चार पावलं पुढंही गेले. मग थांबले आणि त्यांचा हात आपोआप कानामागं गेला.

"जरा खाली हवी," ते म्हणाले. "आण इकडं."